हर्रास मोडण्याआधी: विदर्भातील बाजार समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सभापती, उपसभापती आणि सर्व संचालक,
कृषी उत्पन्न बाजार समित्या, विदर्भ विभाग.

सप्रेम नमस्कार.

फळे आणि भाजीपाल्याचा उघड हर्रास, म्हणजे लिलाव, वेळखाऊ झाला आहे, तो बंद करून अडत्याने (शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या मध्यस्थाने) आणि खरेदीदाराने समोरासमोर बोलून भाव ठरवावा, अशी मागणी आंबिया बहाराचा (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याचा) संत्रा यार्डात येऊ लागला की कोणत्या ना कोणत्या समितीपुढे येतेच. काही ठिकाणी तर मागणी करण्याचीही गरज उरलेली नाही, कारण कागदावर हर्रास आहे आणि शेडमध्ये सौदा आहे. वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्रा आणि त्याच्या जोडीला थोडा भाजीपाला पिकवणारा शेतकरी म्हणून मी हे पत्र लिहीत आहे. ठरवून होणाऱ्या विक्रीला माझा सरसकट विरोध नाही. परंतु असा सौदा ज्या भावाला धरून केला जातो तो भाव हर्रासातून निघालेला असतो, आणि हर्रास एका मर्यादेपलीकडे रोडावला की सौद्याच्या भावाला कशाचाच आधार राहत नाही. आपण कोणताही ठराव करण्यापूर्वी या एका गोष्टीचा विचार व्हावा, यासाठी हा पत्रप्रपंच.

अडत्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधीच मान्य करतो. सांबार (कोथिंबीर), पालक, मेथी यांसारखा माल पहाटे तोडलेला असतो आणि ऊन चढेपर्यंत त्याचे तेज उतरते. एकेका ढिगापाशी थांबत हर्रास पुढे सरकेपर्यंत आठवडी बाजाराला निघालेला किरकोळ विक्रेता वाट पाहत नाही, आणि तो निघून गेला की मागे राहिलेल्या ढिगांना गिऱ्हाईक उरत नाही. दूरच्या शहरासाठी गाडी भरणाऱ्या व्यापाऱ्याला एका आकाराचे, एका रंगाचे, मोजून इतके क्रेट हवे असतात आणि ते उद्या मिळतील की नाही हे त्याला आजच कळायला हवे असते. हर्रासात तशी खात्री मिळत नाही. ज्या शेतकऱ्याने फळे निवडून, प्रतवारी करून माल आणला आहे त्यालाही ढिगाच्या हर्रासात त्या मेहनतीचे दाम मिळतातच असे नाही, कारण बोली लावणारा वरच्या थरावरून आतल्या मालाचा अंदाज बांधतो आणि अंदाज चुकण्याची जोखीम भावातूनच कापून घेतो. उलट, ओळखीचा खरेदीदार ओळखीच्या शेतकऱ्याचा क्रेट न उघडता उचलतो. त्यात दोघांचाही वेळ वाचतो आणि दोघांनाही आपला शब्द जपावा लागतो.

याच कारणांनी इतर देशांतही लिलाव मागे पडला आहे. जपानमध्ये १९१८ च्या तांदूळ दंगलींनंतर १९२३ मध्ये केंद्रीय घाऊक बाजारांचा कायदा झाला आणि ताज्या मालाची विक्री लिलावाने करावी, हे त्या व्यवस्थेचे मूळ सूत्र ठरले. पुढे सुपरमार्केटच्या साखळ्या वाढल्या. त्यांना दुकान उघडण्याआधी, आधीच ठरलेल्या भावाने, मोठ्या प्रमाणात माल लागत असे आणि पहाटेच्या लिलावाचा निकाल लागेपर्यंत थांबणे त्यांच्या सोयीचे नव्हते. १९९९ च्या दुरुस्तीने लिलावाचे बंधन सैल केले आणि आज तिथल्या घाऊक बाजारांतला भाजी-फळांचा बहुतांश व्यवहार ठरवून होतो. नेदरलँड्समध्ये ब्रूक ऑप लांगेदाइक या गावी १८८७ मध्ये भाजीपाल्याचा लिलाव सुरू झाला होता. डच लिलावाची रीत अशी की भाव वरून खाली उतरत जातो आणि जो त्याला सर्वांत आधी थांबवतो त्याला माल मिळतो. त्याच देशात १९९६ मध्ये नऊ सहकारी लिलावगृहे एकत्र आली आणि भाजीपाल्याचा मोठा व्यवहार लिलावाकडून मध्यस्थाच्या सौद्याकडे वळला. त्या बदलावर नाराज होऊन अनेक उत्पादक बाहेर पडले आणि त्यांनी आपापल्या संस्था काढल्या, एवढे मात्र सांगितले पाहिजे.

ही उदाहरणे आपल्याकडच्या बैठकांत सांगितली जातात तेव्हा एक तपशील गाळला जातो. नेदरलँड्समधली लिलावगृहे उत्पादकांच्या मालकीची होती. सौदा करणारा मध्यस्थ त्यांनी नेमलेला होता आणि त्याची नोकरी त्यांच्या हातात होती. आपल्याकडचा अडत्या कायद्याने शेतकऱ्याचा प्रतिनिधी असला तरी त्याचे हितसंबंध वेगळीकडे गुंतलेले असतात. मी त्याच्याकडे हंगामात मोजक्या वेळा जातो, तर खरेदीदार त्याच्या ओट्यावर रोज उभा असतो. खरेदीदाराला उधारी अडत्याच देतो आणि ती बुडू नये म्हणून त्याला सांभाळूनही घेतो. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत (अडत्याचे कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. तो शेतकऱ्याच्या खिशाच्या दृष्टीने चांगलाच होता; परंतु त्याचा एक परिणाम असाही झाला की अडत्याचे उत्पन्न आता थेट खरेदीदाराच्या हातून येते. ज्याच्याकडून पैसे मिळतात त्याच्याशीच माझ्या वतीने घासाघीस करावी, अशी अपेक्षा आपण त्याच्याकडून करीत आहोत. हर्रासात निदान दहा माणसे ऐकत असतात. बंद शेडमधल्या बोलण्यात अडत्या माझ्यासाठी किती ताणून धरतो, हे मला कळण्याची काहीच सोय नाही.

हर्रासाची ताकद घासाघिशीच्या कौशल्यात नसते, ती बोली लावणाऱ्यांच्या संख्येत असते. जेरेमी बुलो आणि पॉल क्लेम्परर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये गणिताने दाखवून दिले की काही ठरावीक खरेदीदारांशी कितीही हुशारीने वाटाघाटी केल्या तरी, त्यांच्यात आणखी एक खरा स्पर्धक मिळवून साधा लिलाव केल्यास विक्रेत्याला सर्वसाधारणपणे अधिक मिळते. या निष्कर्षाला अटी आहेत आणि त्यांतली मुख्य अट आपल्याला चांगलीच परिचित आहे: बोली लावणारे एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. शेडमधले चार खरेदीदार सकाळी एकाच टपरीवर चहा घेऊन, आज टमाटर कोण घेणार आणि वांगी कोण, हे ठरवून येत असतील तर तो हर्रास नावापुरताच राहतो. अशा हर्रासापेक्षा सरळ सौदा बरा, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण मग उपाय काय करायचा? साखळी करणाऱ्यांना रोखायचे आणि नवे खरेदीदार आणायचे, की साखळीला नियमातच बसवून टाकायचे?

हर्रास आतून पोखरणारी दुसरी रीत मला साखळीहून घातक वाटते, कारण ती सर्वांदेखत चालते आणि तिला कोणी गैर म्हणत नाही. बोली पुकारली जाते, भाव ठरतो, हर्रासाचा घोळका पुढच्या ढिगाकडे सरकतो, आणि त्यानंतर काट्यावर क्रेट उघडताना खरेदीदार म्हणतो की खालचा माल बारीक निघाला, इतके कमी करा. तोवर इतर बोलीदार निघून गेलेले असतात, माल ओट्यावर मोकळा पडलेला असतो, भाड्याची गाडी परत जायला उतावीळ असते आणि अडत्या म्हणतो, भाऊ, जाऊ द्या. त्या क्षणी हर्रासाचे रूपांतर सौद्यात होते आणि तेही विक्रेत्याच्या दृष्टीने अत्यंत वाईट अशा सौद्यात. पुकारलेला भाव नोंदवहीत राहतो, कट्टी (ही कपात) पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, येते आणि समितीच्या भावफलकावर दिसणारा आकडा शेतकऱ्याच्या हाती पडलेल्या आकड्याशी जुळत नाही. बोलीचा भाव न पटल्यास माल न विकण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे, असे उत्तर यावर मिळते. साठवणुकीची सोय नसताना वांग्याच्या आणि फुलकोबीच्या बाबतीत हा हक्क दुपारपर्यंतही टिकत नाही.

ठरवून विक्री ही काही नवी सुधारणा आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची रीत आपल्या वाडवडिलांनी पाहिली आहे. माल ज्याचा तो शेतकरी समोर उभा, त्याच्या मालाचा भाव दोन हातांमध्ये ठरतो आणि त्याला तो शेवटी सांगितला जातो. देशातल्या नियमित बाजारांचा इतिहास ज्या कारंज्यापासून सुरू झाला असे मानले जाते ते कारंजा आपल्याच वऱ्हाडातले. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाखाली तिथला बाजार नियमित झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडाचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. तो मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस मिळावा म्हणून आला होता, शेतकऱ्याच्या कळवळ्याने नव्हे, हे खरेच आहे. पण खुल्या जागी, मोजून मापून, सर्वांसमोर व्यवहार व्हावा ही कल्पना आपल्याकडे तेव्हापासून रुजली आणि १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात ती पक्की झाली. आज रुमाल गेला आणि मोबाईल आला. भाव ठरताना शेतकऱ्याला तो ऐकू येतो का, हा प्रश्न मात्र तोच आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो आणि तो संत्र्याच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो. आपल्या पट्ट्यातला बराचसा संत्रा यार्डात येतच नाही. व्यापारी बागेत येतो, झाडे पाहतो, किती हजार फळ निघेल याचा नजरअंदाज करतो आणि एकतर संपूर्ण बाग ठोक घेतो किंवा हजारी भाव ठरवतो. इसार (आगाऊ रक्कम) दिला जातो, पहिला तोडा होतो, चुरी (बारीक फळ) बाजूला काढली जाते आणि मग उरलेल्या पैशांसाठी पुन्हा बोलणी सुरू होतात. हा शुद्ध सौदा आहे, त्यात हर्रासाचा लवलेश नाही, आणि तो बंद करावा असे मी म्हणत नाही. तोडणीचे मजूर, क्रेट, गाडी आणि वाटेतली नासाडी यांचा भार व्यापारी उचलतो म्हणून अनेक शेतकऱ्यांना तोच मार्ग परवडतो. पण बागेत उभे राहून मी आणि व्यापारी ज्या आकड्यावर वाद घालतो तो आकडा कुठून येतो? तो नागपूरच्या बाजार समितीच्या कळमना यार्डात काल टनाला काय भाव निघाला यावरून येतो. व्यापारी तोच भाव सांगून खाली ओढतो आणि मी तोच भाव सांगून वर ओढतो. कळमन्यात संत्रा नेणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या तुलनेने कमी असेल, परंतु तिथे उघडपणे निघालेला भाव अमरावती आणि नागपूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या बागांच्या सौद्यांना पुरतो. हा भाव जर चार माणसांच्या कुजबुजीतून निघू लागला, तर ज्यांनी आयुष्यात कधी हर्रासात माल लावला नाही त्यांचेही नुकसान होईल आणि ते त्यांना समजणारसुद्धा नाही.

ही केवळ माझी शंका नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या शहरात चीजचा एक छोटा साप्ताहिक बाजार भरत असे. देशातल्या एकूण चीजपैकी एक टक्क्याहूनही कमी माल तिथे विकला जाई, परंतु देशभरातले करार त्याच बाजाराच्या भावाला बांधलेले होते. इतक्या थोड्या मालाच्या खरेदी-विक्रीने सगळ्या देशाचा भाव हलवता येतो, असे आरोप वाढत गेले आणि १९९७ मध्ये तो बाजार बंद पडला. तिथल्याच गुरांच्या व्यापारात मोठे खरेदीदार यार्ड सोडून थेट करार करू लागले तेव्हा उघड भावाची तीच अडचण उभी राहिली. त्यावर १९९९ मध्ये कायदा करून मोठ्या खरेदीदारांना आपल्या सौद्यांचे भाव सरकारी यंत्रणेला कळवणे बंधनकारक करण्यात आले. सौदे कोणी बंद पाडले नाहीत, त्यांचे भाव तेवढे उघड केले. फ्रान्समधल्या बूलोन-सुर-मेर या मोठ्या मासेमारी बंदरात तर लिलाव आणि सौदा हे दोन्ही शेजारी शेजारी चालतात आणि आज कोणत्या मार्गाने माल विकायचा हे विक्रेत्याला रोज ठरवता येते. मासा हा सांबाराइतकाच नाशवंत माल आहे, तेव्हा नाशवंतपणाचे कारण पुढे करून दोन्ही पद्धती एका यार्डात नांदू शकत नाहीत असे कोणी सांगू नये.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडे माझ्या काही मागण्या आहेत. पालेभाजीला हर्रासातून मोकळे करावे. तिथे हर्रासाचा हट्ट धरणे शेतकऱ्याच्याच गैरसोयीचे आहे. संत्रा, मोसंबी, टमाटर, वांगी, हिरवी मिरची, कांदा यांचा सकाळचा हर्रास मात्र ठरलेल्या वेळी, घंटा वाजवून, समितीच्या कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत झालाच पाहिजे, मग त्या दिवशी आवक कितीही असो. माल हर्रासात लावायचा की सौद्याने द्यायचा हे शेतकऱ्याने गाडी उतरवण्यापूर्वी सांगावे आणि आवक नोंदवताना ते त्याच्या सहीने लिहून घ्यावे. हा निर्णय त्याच्या नावाने अडत्याने करू नये. अडत्याकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेल्या शेतकऱ्याला हे स्वातंत्र्य प्रत्यक्षात कितपत वापरता येईल याबद्दल मला शंका आहे, तरीही नियम असावा, कारण आज शेतकऱ्याला विचारलेही जात नाही.

सर्वांत महत्त्वाची मागणी नोंदीची आहे. सौद्याने विकलेल्या प्रत्येक मालाची सौदापट्टी त्याच दिवशी समितीकडे यावी आणि तिच्यावर प्रत, वजन आणि कट्टी वजा जाता शेतकऱ्याला मिळालेला भाव असावा. संध्याकाळच्या भावफलकावर हर्रासाचे आणि सौद्याचे भाव वेगवेगळ्या रकान्यांत, प्रत्येकी किती क्विंटल मालाचे ते यासह लिहावेत. आज फलकावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात. त्यांपैकी कमाल भाव एखाद्या क्रेटला मिळालेला असतो आणि सर्वसाधारण भाव कसा काढला हे विचारले तर उत्तर मिळत नाही. वजनाचा आकडा शेजारी आला की कोणता भाव किती मालाचा आहे हे शेतकऱ्याला स्वतःच वाचता येईल. सौद्याचे भाव सातत्याने हर्रासापेक्षा चांगले आहेत असे या नोंदीतून दिसले, तर मी आणि माझ्यासारखे अनेक शेतकरी आपणहून सौद्याकडे वळू. अडत्यांना त्यासाठी ठराव मागण्याची गरज पडणार नाही.

बोलीनंतरची कट्टी बंद व्हावी. माल तपासायचा असेल तर बोलीआधी दोन-चार क्रेट पालथे करून पाहावेत, शेतकऱ्याची हरकत असण्याचे कारण नाही. अडत्याने स्वतः किंवा घरातल्या माणसाच्या नावाने आपल्याच ओट्यावरचा माल घेऊ नये, या नियमाची खरोखर अंमलबजावणी व्हावी. नव्या खरेदीदाराला परवाना देताना जुन्या खरेदीदारांची नाराजी विचारात घेतली जाते, हेही थांबले पाहिजे. बांगलादेशने संत्र्यावरचे आयात शुल्क वाढवत नेल्यापासून तिकडे पाठवण्यासाठी माल घेणारे व्यापारी कमी झाले आहेत, आणि अशा काळात हर्रासात एक नवा बोलीदार आणणे हे समितीच्या हातातले सर्वांत स्वस्त काम आहे. ई-नामसारखी (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कृषी बाजारासारखी) ऑनलाईन बोली २०१६ पासून देशात आहे. प्रतवारीची आणि मालाच्या फोटोची नीट सोय केली तर तिच्यातून बाहेरगावचा खरेदीदार संत्र्यापर्यंत पोहोचू शकतो. ती सोय न करता केवळ झालेल्या व्यवहारांची नोंद संगणकात चढवणे म्हणजे हर्रास नव्हे.

यावर दोन हरकती येतील. कर्मचारी कमी आहेत, ही पहिली. ती खरी आहे, पण सौदापट्टी लिहिण्याचे काम अडत्याचे आहे, समितीने ती फक्त जमा करून बेरीज करायची आहे. दुसरी हरकत व्यापाऱ्यांकडून धमकीच्या सुरात येते: नियम कडक केले तर आम्ही यार्डाबाहेर माल घेऊ, कारण २०१६ पासून यार्डाबाहेरच्या फळे-भाजीपाल्याच्या खरेदीवर समितीचे नियंत्रण राहिलेले नाही. त्यांना जाऊ द्यावे, असे मी अगदी सहज म्हणणार नाही, कारण आवक घटली तर सेस घटतो आणि समितीचा गाडा अडतो. परंतु शेतकरी यार्डात येतो तो उघड भाव, खात्रीचा काटा आणि वेळेवर चुकारा (मालाचे पैसे) यांसाठी. यांपैकी उघड भावच काढून घेतला तर यार्डाच्या आत आणि बाहेर काय फरक राहिला? मग गाडीभाडे भरून यार्डापर्यंत यायचे कशाला?

बाजार समितीच्या १८ संचालकांपैकी ११ जण सेवा सहकारी संस्थांमधून आणि ४ जण ग्रामपंचायतींमधून निवडून येतात. अडते-व्यापाऱ्यांचे दोन आणि हमाल-मापाऱ्यांचा एक प्रतिनिधी असतो. म्हणजे हर्रास ठेवायचा की मोडायचा याचा निर्णय गावांनी निवडून दिलेल्या १५ जणांच्या हातात आहे. आंबियाची आवक वाढण्यापूर्वी हा विषय आपल्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, सभेला शेतकऱ्यांना बसू द्यावे आणि गेल्या हंगामात फळे-भाजीपाल्यापैकी किती माल हर्रासाने व किती सौद्याने विकला गेला याचा आकडा सचिवांनी त्या सभेत वाचून दाखवावा. तो आकडा समितीच्या दप्तरात नसेल, तर सौदापट्ट्या जमा करण्याचा ठराव त्याच सभेत घ्यावा आणि हर्रासाबद्दलचा निर्णय एक हंगामभराच्या नोंदी हाती येईपर्यंत थांबवावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक संत्रा व भाजीपाला उत्पादक शेतकरी,
वरुड-मोर्शी पट्टा, जिल्हा अमरावती